चांदीची स्मारक नाणी मोडीत द्यायच्या आधी एकदा भिंगाखाली धरा (सांगली-सातारा मंडळी, इकडं या)

कृष्णाकाठचा (सांगली)

नमस्कार मंडळी. चांदीचा भाव चढल्यापासून एक गोष्ट सारखी दिसतीय आणि ती बघवत नाही म्हणून धागा काढतोय. सराफाच्या दुकानात गेलं की कोण ना कोण रुमालात बांधून जुनी नाणी घेऊन बसलेलं असतंय, राणीछाप, राजाछाप, आणि त्यातच गांधींचे दहा रुपये, झेंड्याचे दहा रुपये, पन्नासचे मोठे जाडजूड. काट्यावर टाकली, टंच (चांदीची शुद्धता) धरला, हिशोब केला, पैसे दिले आणि नाणी डब्यात. एकदा का ती मुशीत गेली की कुठल्या टांकसाळीची होती आणि किती कमी उरली होती हे कुणालाच कळणार नाही.

विकू नका असं मी म्हणत नाही. घरात लग्न असतं, दवाखाना असतो, गरजेला चांदीच उपयोगी पडती. फक्त देण्याआधी पाच मिनिटं नाणं बघा एवढंच म्हणणं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी १९६४ साली नेहरूंची निघाली, ती निकेलची, चांदी नाही. चांदीचं पहिलं म्हणजे गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं, १९६९ चं. वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के, म्हणजे निव्वळ चांदी १२ ग्रॅम. मग १९७० आणि ७१ ला अन्न व कृषी संघटनेची 'सब के लिए अन्न' वाली दहाची नाणी, तीही ८० टक्क्यांचीच. १९७२ ला स्वातंत्र्याची पंचवीस वर्षं झाली म्हणून झेंडा आणि संसद भवनाचं दहा रुपयांचं आलं, आणि तिथं गणित बदललं: वजन २२.५ ग्रॅम पण चांदी ५० टक्के, म्हणजे निव्वळ सव्वाअकरा ग्रॅम. हातात जड लागतं पण चांदी गांधींच्या नाण्यापेक्षा कमी. १९७३ ला 'अधिक अन्न उगाओ' चं दहा आणि वीस रुपयांचं, वीसचं ३० ग्रॅमचं. १९७४ पासनं पन्नासचं आणि १९८० पासनं शंभरचं चांदीत, साधारण ३५ ग्रॅम, ५० टक्के.

आता मुद्दा. ही नाणी त्या काळात मुंबई आणि कलकत्ता या दोन टांकसाळींत पडली. मुंबईच्या नाण्यावर सालाखाली बारीक चौकट, पत्त्यातल्या चौकटसारखी. कलकत्त्याच्या नाण्यावर काहीच नाही. चिन्ह नसणं हीच तिची खूण. आणि गांधींच्या दहा रुपयांत मुंबईची मुबलक, कलकत्त्याची शोधून सापडत नाही. आपल्या भागात तर बहुतेक सगळी मुंबईचीच येतात. म्हणून सालाखाली मोकळी जागा दिसली की हात आवरा, ते नाणं वजनावर देऊ नका.

कुणाकडं काय काय आहे ते लिहा, जमेल तेवढं सांगतो.

अजिंक्यतारा_वरनं (सातारा)

चांगला धागा दादा. आमच्या आजीच्या डब्यात एक गांधींचं आहे, पण त्यावर साल १९४८ आहे. १८६९-१९४८ असं. म्हणजे हे तुम्ही म्हणता त्याच्या आधीचं झालं ना? एक जण म्हणाला गांधीजी गेले तेव्हा लगेच काढलेलं आहे, लई दुर्मिळ आहे, लाखात जाईल. खरं काय?

कृष्णाकाठचा

ताई/दादा, हा प्रश्न दर वेळी येतो, बरं झालं विचारलंत. त्या नाण्यावर काढल्याचं साल कुठंच नाही. १८६९ जन्म, १९४८ मृत्यू, एवढंच आहे. नाणं १९६९-७० चं. त्याच नक्षीची निकेलची एक रुपया आणि पन्नास पैसे, आणि पिवळ्या धातूचं वीस पैसे पण निघालेलं, त्यांच्यावरही हीच दोन सालं. 'गांधीजी गेले त्या वर्षीचं' म्हणून कुणी चढा भाव सांगत असेल तर तिथनं उठायचं.

त्या दोन सालांच्या खाली बघा, चौकट आहे का मोकळं आहे. दिवसा उजेडात, भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून.

गलाईवाला_विटा

रामराम. मी खानापूर तालुक्यातला, सध्या दुकान तमिळनाडूत. आमच्या गावात घरटी एक माणूस गलाईत (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात), आजा, बाप, आता मी. त्यामुळं तुम्ही जे लिहिलंय ते आमच्या बाजूनं पण सांगतो, कारण लोकास्नी वाटतं गलाईवाले मुद्दाम नाणी गाळतात.

आमच्याकडं माल येतो तो सराफाकडनं. त्यात पैंजण, जोडवी, तुटलेली निरांजनं, करंडे, वाट्या, आणि मधीच नाणी. सगळं वजनावर. भट्टी पेटलेली असती, टाकणखार तयार असतो, तेवढ्यात बसून प्रत्येक नाण्याचं साल बघायला कुणाला सवड न्हाय. आणि खरं सांगायचं तर गांधी नाणं आमच्या दृष्टीनं सोपा माल, ८० चा टंच माहीत असतो, गाळला की हिशोब जुळतो. ५० वाल्याला त्रास, त्यात तांबं आहे, निकेल आहे, जस्त आहे, शुद्ध करायला वेळ जातो आणि घट जास्त. म्हणून सराफ ५० च्या नाण्याला भाव पाडून मागतो, लोकास्नी वाटतं फसवलं.

अजून एक सांगतो, लक्षात ठेवा. दहा रुपयांचं मोठं नाणं दिसलं म्हणजे चांदीचंच असं न्हाय. १९७३ पर्यंतचं दहाचं चांदीचं. १९७४ पासनं दहाचं कॉपर-निकेलचं झालं आणि चांदी पन्नासच्या नाण्यात गेली. '७४ चं कुटुंब नियोजनाचं दहाचं नाणं आणि '७२ चं झेंड्याचं नाणं आकारानं सारखंच, ३९ मिलिमीटर. नवा सराफ असला तर तोही गोंधळतो, मग खात्री करायला छिन्नी मारतो नायतर कानस लावतो. नाणं मधनं कापलं की संपलं, नंतर ते दुर्मिळ निघालं तरी काय उपयोग. देताना आधीच सांगायचं, 'छिन्नी लावायची न्हाय, साल वाचा.'

मिरजेची_तार

वाचतेय. माझ्याकडे सासूबाईंनी दिलेली थोडी नाणी आहेत, लक्ष्मीपूजनाला काढतो. दर दिवाळीला चिंच-मीठ लावून, कधी रांगोळीने घासून लख्ख करायची पद्धत आहे घरात. परवा एका संग्राहक काकांना दाखवली तर ते नाणं हातात घेऊन गप्पच झाले आणि मग म्हणाले 'ताई, आता घासू नका'. म्हणजे घासल्याने एवढा फरक पडतो का? चांदी तर तेवढीच राहते ना.

कृष्णाकाठचा

ताई, चांदी तेवढीच राहती, नाणं तेवढं राहत नाही. हे जरा सविस्तर सांगतो, कारण पुढं चिन्ह घासलेलं ओळखायचं असेल तर पण हेच कामाला येतं.

नाणं छापताना साचा एवढ्या जोरात दाबतात की धातू मधनं कडेकडं सरकतो. त्या सरकण्याच्या अगदी बारीक रेषा नाण्याच्या मोकळ्या जागेत राहतात, डोळ्याला सुट्या दिसत नाहीत, पण न वापरलेलं नाणं बल्बखाली तिरकं धरून सावकाश फिरवा, प्रकाशाचे दोन-तीन पट्टे मधनं निघून सायकलच्या तारांसारखे गोल फिरतात. तीच टांकसाळीची चकाकी. रांगोळीनं घासलं की त्या रेषाच जातात, नाणं पांढरं दिसतं पण पट्टा फिरत नाही, सगळीकडं सारखंच चमकतं. आणि भिंगातनं बघितलं तर एकाच दिशेला गेलेले ओरखडे. ती चकाकी कुठल्याही पॉलिशनं परत येत नाही.

काळपट पडलेलं नाणं तसंच ठेवा. कडेनं निळा, जांभळा, तपकिरी रंग चढलेला असेल तर उलट चांगलं, संग्राहक त्याला पसंती देतात. काळं पडतं ते हवेतल्या गंधकानं, म्हणून रबरबँड लावायचं नाही, त्यात गंधक असतो. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही. आणि ते मऊ प्लॅस्टिकचे अल्बम येतात ना, वास येणारे, ते काही वर्षांनी चिकट हिरवट पाझरायला लागतात आणि नाण्याला धरून बसतात. तसं झालं असेल तर मेडिकलमधल्या स्पिरिटनं नाही निघत, शुद्ध अॅसिटोन लागतं, बुडवून ठेवायचं, घासायचं नाही, पुसायचं नाही, नुसतं निथळू द्यायचं. आणि अॅसिटोन लगेच पेट घेतं, गॅसजवळ अजिबात नको.

पूजेला काढायला काहीच हरकत नाही. हळद-कुंकू कॅप्सूलच्या वरनं लावा. पारदर्शक कडक प्लॅस्टिकची गोल डबी मिळती, नाण्याच्या मापाची.

हिशोबी_तासगाव

एक प्रामाणिक शंका. मी द्राक्षबागायतदार, आम्हाला प्रत्येक गोष्टीचा खर्च-उत्पन्न बघायची सवय. समजा कलकत्त्याचं नाणं सापडलं. चांदीच्या किमतीपेक्षा जास्त कोण देणार आहे आणि कुठं? सांगलीत तर कुणी देत नाही. चांदीचा भाव वाढत गेला की त्या नाण्याची 'दुर्मिळ' किंमत पण चांदी गिळून टाकते. मग त्यापेक्षा सरळ चांदीची वीट घेतलेली काय वाईट? वाद घालायचा म्हणून नाही विचारत, खरंच समजून घ्यायचंय.

कृष्णाकाठचा

शंका रास्त आहे आणि अर्धी खरी पण आहे. साध्या मुंबईच्या, वापरलेल्या, घासलेल्या गांधी नाण्याचा भाव चांदीच्याच मागं चालतो. तुम्ही गुंतवणूक म्हणूनच घेणार असाल तर वीट घ्या, मी अडवणार नाही.

पण एक बघा. चांदी चढली की लोक नाणी विकतात आणि ती गाळली जातात. आणि गाळताना कुणी साल किंवा टांकसाळ निवडत नाही, म्हणजे मुबलक आणि दुर्मिळ दोन्ही त्यात जातात. टांकसाळीनं किती पाडली हा आकडा पुस्तकात कायम राहतो, पण उरली किती हे भट्टी ठरवती. शंभर नाणी असतील त्यातली वीस गेली तर फार बिघडत नाही, दहा होती त्यातली आठ गेली तर ते प्रकरणच संपतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. दिल्ली दरबाराचं वर्ष. राजाच्या अंगावरच्या झग्यावर हत्ती काढलेला होता, पण सोंड एवढी आखूड आणि पाय असे की लोकांना ते डुक्कर वाटलं. लोकांच्या धार्मिक भावना दुखावल्या, बोभाटा झाला. नाणी पडली होती सुमारे ९४ लाख, बाहेर गेली होती ७ लाखांच्या आसपास, बाकीची सरकारनं आटवून टाकली आणि १९१२ पासनं हत्ती नीट काढला. आता ९४ लाख हा आकडा वाचून कुणीही म्हणेल हे तर ढिगानं मिळेल. मिळत नाही, कारण आटलं.

आणि कुठं विकायचं म्हणाल तर पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं होतात, परवानाधारक लिलाव कंपन्या आहेत. सांगलीत भाव मिळत नाही म्हणजे नाण्याला भाव नाही असं नाही ना, बेदाण्याचं तासगावात जसं सौद्यात कळतं तसंच ते, माल ओळखणारे दोघं समोरासमोर आले की.

राणीछाप_कराड

१९११ चं नाव निघालं म्हणून राहवत नाही. माझा नाद व्हिक्टोरियाचा. हे स्मारक नाणं नाही हे मान्य, पण 'बारीक फरक बघा' यासाठी याच्याइतका चांगला गुरू नाही. १८६२ सालचा राणीछाप रुपया आपल्याकडं गावागावात सापडतो, लोक म्हणतात कॉमन आहे. तो कॉमन दिसतो कारण सरकारनं साल बदललंच नाही, १८६२ हेच साल टाकून १८७४ पर्यंत रुपये पाडत राहिले. मग नक्की कुठल्या वर्षाचा हे कळायला मुंबईच्या टांकसाळीनं मागच्या बाजूला बारीक ठिपके दिले, वर्षाप्रमाणं कमी-जास्त. त्या ठिपक्यांच्या काही जोड्या साध्या, काही अशा की संग्राहक आयुष्य घालवतात. त्यात राणीचा चेहरा दोन प्रकारचा, मागची नक्षी दोन प्रकारची.

बरोबर एक जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा रुपया, ९१.७ टक्के चांदी. तुमच्या आजीच्या गाठल्यात ओवलेला असेल तर त्याला टाका लावलेला असतो, तो तोडू नका, काढायला जाऊ नका, तशीच माळ ठेवा. पुतळ्यांच्या माळेसारखीच ती घरची वस्तू आहे.

आणि १८७६ पर्यंत 'क्वीन', १८७७ पासनं 'एम्प्रेस', हे पण बघत जा.

ओहायोतला_कराडकर

कराडचं नाव दिसलं की मी हजर. इकडं अमेरिकेत हा छंद फार जुना आहे आणि तुमच्या चर्चेशी अगदी जुळणारी एक गोष्ट सांगतो. इथं १८९२ ते १९५४ या काळातल्या चांदीच्या स्मारक नाण्यांना 'क्लासिक' म्हणतात, बहुतेक अर्ध्या डॉलरची, १२.५ ग्रॅम, ९० टक्के चांदी. पहिलं कोलंबसचं, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी.

त्यात काही नाण्यांचे मुद्दाम दोन प्रकार काढले, म्हणजे संग्राहक दोन्ही घेतील आणि निधी जास्त जमेल. १९२१ चं अलाबामाचं, काहींवर '२×२' असं आहे कारण ते बाविसावं राज्य. त्याच वर्षीचं मिसुरीचं, त्यावर '२★४', चोविसावं राज्य. आणि १९२२ चं जनरल ग्रांटचं, जन्मशताब्दीचं (तो आमच्याच ओहायोतला), त्यात काही नाण्यांवर उजवीकडच्या मोकळ्या जागेत एक छोटी चांदणी खोलगट ठसवलेली. चांदणीवालं ५,००० च्या आसपास पाडलेलं, किंमत साध्याच्या कितीतरी पट. म्हणून लोकांनी काय केलं, साधं नाणं घेऊन त्यावर चांदणी ठोकली.

पकडायचं कसं? चांदणी ठोकली की बरोबर तिच्या मागं, दुसऱ्या बाजूला धातू चेपतो आणि सपाट होतो. म्हणून इथले जाणकार नाणं हातात आलं की चांदणी नंतर बघतात, आधी नाणं उलटं करतात.

तुमच्याकडं तर उलटं आहे की. इकडं चिन्ह वाढवून खोटं करतात, तुमच्याकडं चिन्ह काढून टाकलं की झालं 'कलकत्ता'. असं होतं का तिकडं?

कृष्णाकाठचा

व्वा कराडकर, नेमकं तिथंच यायचं होतं मला. होतं. आणि सोपं आहे म्हणूनच होतं. ती चौकट एवढीशी, जरा खरवडली की गेली.

पण जी गोष्ट नाही ती बघायची म्हणजे रिकामी जागा बघायची. वर मिरजेच्या ताईंना जी चकाकी सांगितली ती इथं लागते. सालाखालची मोकळी जागा भिंगाखाली धरा, किमान १० पटीचं भिंग, आणि बल्ब बाजूनं, वरनं नाही. नाणं हळू फिरवा. खऱ्या कलकत्त्याच्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा सालाच्या खालनं कडेपर्यंत सलग जातो, मधे कुठं अडत नाही. चिन्ह खरवडलं असेल तर बरोबर त्या जागी पट्टा तुटतो, तेवढा डाग वेगळा चमकतो, नाहीतर अजिबात चमकत नाही. कधी खोलगट बशी झालेली असती, कधी पॉलिश करून गुळगुळीत केलेली. नाणं पूर्ण घासलेलं असेल तर ही परीक्षा चालतच नाही, आणि म्हणूनच 'कलकत्ता' म्हणून आलेलं अति पॉलिश केलेलं नाणं मी हातात धरत नाही, घासायचं कारणच काय होतं हा पहिला प्रश्न.

अजून एक प्रकार राहिला. सालाखाली चौकटीऐवजी इंग्रजी 'बी' अक्षर दिसलं तर ते मुंबईचं प्रूफ नाणं. चित्राभोवतीची मोकळी जागा आरशासारखी आणि चित्र दुधाळ, संग्राहकांसाठी वेगळं पाडलेलं, डबीत येतं. १९९६ पासनं तिथं 'एम' आलं, मुंबई नाव झाल्यावर. हे 'बी' वालं डबीतनं काढून हातानं हाताळलं की आरशावर बोटांचे ठसे कायमचे उमटतात. कडेला धरायचं, नेहमी.

नवशिका_इस्लामपूर

सगळं वाचून काढलं रात्री. माझ्याकडं एक गांधी आणि दोन मोठी दहाची आहेत पण खरी चांदीची आहेत का हे कसं बघू? सराफाकडं नेलं तर तो कसोटीवर घासणार, आणि आता ते नको वाटतंय. चुंबकाला चिकटत नाहीत एवढं बघितलं.

गलाईवाला_विटा

चुंबकाचं सोडा, पितळ पण चिकटत न्हाय आणि जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा, पण चांदी नसलेला धातू) पण न्हाय. पाण्यातलं वजन करा. आमच्यात जुनी माणसं हेच करायची.

०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणा, सराफ वापरतो तसला. आधी नाण्याचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा. नाण्याला बारीक दोरा बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा, तळाला नाय लागलं पाहिजे, बाजूला नाय लागलं पाहिजे, बुडबुडा चिकटलेला नको. काटा जो आकडा दाखवेल त्यानं कोरड्या वजनाला भागायचं. गांधी नाण्याला १५ ग्रॅमला १.४८ च्या आसपास आलं पाहिजे, म्हणजे भागाकार १०.१ च्या जवळ. जर्मन सिल्व्हरचं केलेलं असेल तर काटा १.७ च्या पुढं जातो. ५० टक्केवाल्याचा भागाकार साडेनऊच्या आसपास. कॉपर-निकेल ८.९.

दोरा सुती नको, पाणी पितो. नायलॉनचा घ्या.

नवशिका_इस्लामपूर

केलं! भावाच्या दुकानातला काटा आणला. गांधी: कोरडं १४.९८, पाण्यात १.४८. भागाकार १०.१२. सालाखाली चौकट आहे, स्पष्ट.
पहिलं मोठं दहाचं १९७२, भागाकार ९.५. चौकट दिसत नाही!! खाली मोकळं आहे.
दुसरं मोठं १९७४, भागाकार ८.९.

कृष्णाकाठचा

शाब्बास. गांधी खरं, मुंबईचं. १९७४ चं कॉपर-निकेल, गलाईवाल्यांनी वर सांगितलं तेच. टाकू नका, मालिकेत त्याची जागा आहे.

१९७२ चं कलकत्त्याचं दिसतंय. ७२ मध्ये गांधींइतका मोठा फरक नाही पडत मुंबई-कलकत्त्यात, त्यामुळं उगीच मोठ्या आकड्याची आशा लावत नाही, पण नाणं चांगलं आहे. सालाखालच्या जागेचा बाजूनं उजेड टाकून जवळनं फोटो लावा, पट्टा सलग जातो का बघू. आणि धुवायचं नाही हं.

अजिंक्यतारा_वरनं

माझ्या आजीच्या नाण्यावर पण चौकट आहे, म्हणजे मुंबईचंच. असू दे. आजोबांनी बँकेतनं दहाची नोट देऊन आणलेलं, ते आजी अजून सांगते. त्याची डबी मागवली आज.

एक सांगा, आम्ही साताऱ्याचे, छत्रपतींचं नाणं असलंच पाहिजे. १९९९ चं दोन रुपयांचं आहे ते चांदीचं नाही ना? घरी त्यावरनं वाद झाला.

कृष्णाकाठचा

नाही, ते कॉपर-निकेलचं, चलनात आलेलं. चांदी नाही म्हणून कमी नाही, साताऱ्याच्या घरात ते असायलाच पाहिजे. न वापरलेलं, कडा धारदार असलेलं शोधा आणि टांकसाळीची चिन्हं त्यावर पण बघा: मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कलकत्ता मोकळं.

मिरजेची_तार

अजून एक विचारते. परवा मोबाईलवर जाहिरात आली, 'जुनं नाणं असेल तर फोटो पाठवा, रिझर्व्ह बँकेमार्फत लाखो रुपये मिळवा'. आमच्या शेजारच्या काकूंनी नोंदणीचे पैसे भरायची तयारी पण केली होती, मी थांबवलं. बरोबर केलं ना?

कृष्णाकाठचा

अगदी बरोबर केलंत ताई. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की बँक असल्या व्यवहारात नाही, कुणाला कमिशन किंवा फी घ्यायचा अधिकार दिलेला नाही. विकणाऱ्याकडनं आधी पैसे मागितले की तिथंच फोन ठेवायचा. काकूंना हा धागा वाचून दाखवा.

आणि ज्यांच्याकडं १०० वर्षांच्या वरची नाणी आहेत त्यांनी एक ध्यानात ठेवा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. कराडकर, तुम्ही सुट्टीला आलात तर राणीछाप बघा, बॅगेत घालू नका.

ओहायोतला_कराडकर

माहीत आहे दादा, म्हणून माझी राणीछाप आईच्या कपाटातच आहेत. दिवाळीला येतोय, कराडच्या राणीछापवाल्यांना भेटायचंच आहे, त्या ठिपक्यांच्या जोड्या समोर बसून शिकायच्यात.

राणीछाप_कराड

या की. माझ्याकडं १८६२ चे वेगवेगळ्या ठिपक्यांचे वेगळे लावून ठेवलेत, सगळे काढून ठेवतो. भिंग तुमचं आणा, तिकडची चांगली असतात.

गलाईवाला_विटा

मंडळी, एक कळवायचं होतं. हा धागा आमच्या गलाईवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. आमची पोरं कुठं कुठं आहेत बघा, केरळ, आंध्र, बंगाल, पार आसामपर्यंत. कलकत्त्याकडं दुकान असलेला एक पाहुणा म्हणाला, तिकडं मोडीत गांधी येतात ते बरेचसे मोकळेच असतात, त्यानं कधी बघितलंच नव्हतं का मोकळे. आता तो वेगळे काढून ठेवतो म्हणालाय, आणि ज्या सराफाकडनं आलेत त्याला सांगून, चांदीच्या वर काय देता येईल ते देऊन. सांगलीतल्या कुणाला बघायचे असतील तर मला निरोप करा, तो गणपतीला गावी येतोय तेव्हा घेऊन येईल. घासलेले कुठले आणि न घासलेले कुठले हे त्याला फोनवर समजावलंय, तरी कृष्णाकाठचे दादा, तो बल्ब बाजूनं धरायचा प्रकार एकदा व्हिडिओ करून टाका, त्याला पाठवतो.

कृष्णाकाठचा

आज संध्याकाळीच करतो. एक चकाकीवालं, एक रांगोळीनं घासलेलं आणि एक चिन्ह खरवडलेलं, तिन्ही एकाच बल्बखाली दाखवतो. पाहुण्याला म्हणावं नाणी एकावर एक रचून पिशवीत भरू नका, एकमेकांवर घासून चकाकी जाती, प्रत्येक वेगळं कोऱ्या कागदात.